आवाज करणारा चोर बरा

रविवारची दुपार. बाहेर सोलापूरचा मे महिना. पारा ४२च्या पुढे आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा वेळी शहाणी माणसं पडदे ओढून, फरशीवर पाणी मारून झोपतात. मी मात्र तीन पेटलेले व्हॉल्व्ह समोर घेऊन, कानाला हेडफोन लावून बसले होते. चुलीपुढं बसल्यासारखा प्रकार, फक्त भाकरी नाही.

पण मूड फुल टू होता. दोन दिवस खपून मी माझा हेडफोन ॲम्प्लिफायर 'अपग्रेड' केला होता. नवे पार्ट, नवं वायरिंग, आतून एकदम चकाचक. फोटो काढून दोन मैत्रिणींना पाठवूनही झाला होता. बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतं, तेवढा वेळ दिला. आणि गाण्याच्या आधी ऐकू आलं ते हे :

भुंऽऽऽऽ.

दोन्ही कानांत. एकसारखं. देवळातल्या गाभाऱ्यात भुंगा अडकावा तसं. कालपर्यंत, म्हणजे माझा हात लागायच्या आधीपर्यंत, हा डबा इतका शांत होता की चालू आहे की नाही हे बघायला त्यातल्या लाल तारांकडे बघावं लागायचं.

फोनचं सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर ज्यांचा अलार्म वाजायचा बंद झाला आणि सोमवारी ऑफिसला लेट मार्क लागला, त्यांना माझं दुःख लगेच कळेल. चांगलं चाललेलं बिघडवायला वैरी लागत नाही. अपग्रेड पुरतं.

डब्याची ओळख

हेडफोन ॲम्प्लिफायर म्हणजे फोनमधून किंवा लॅपटॉपमधून येणारा बारीक सिग्नल मोठा करून हेडफोनला देणारा डबा. आज हे काम नखाएवढी चिप करते. माझ्या डब्यात ते काचेचे व्हॉल्व्ह करतात. आत एक तार तापून लाल होते, तिच्या भोवतीच्या नळीतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पलीकडच्या पत्र्याकडे धावतात. मध्ये एक बारीक जाळी असते. गाण्याचा सिग्नल या जाळीवर दिला की ती नाक्यावरच्या हवालदारासारखी ही गर्दी कमी-जास्त सोडते. ही जाळी १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट या अमेरिकन माणसानं काचेच्या नळीत घातली आणि तिथून रेडिओ, सिनेमाचा आवाज, लाउडस्पीकर असं सगळं शक्य झालं. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि व्हॉल्व्हची सद्दी हळूहळू संपली. आता नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकियात बनतात. गिटार वाजवणारे आणि माझ्यासारखे हौशी लोक ते विकत घेतात.

माझ्या डब्यातले व्हॉल्व्ह मात्र बेंगळुरूचे. भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये निघाली ती संरक्षण खात्यासाठी. पुढं तिनं फिलिप्सच्या तंत्रावर रेडिओचे व्हॉल्व्हही बनवले. आमच्याकडे आहेत ते एक ईसीसी ८२ आणि दोन ईएल ८४. ही नावं आधार नंबरसारखी वाटतात, पण त्यांना व्याकरण आहे. 'ई' म्हणजे आतला हीटर ६.३ व्होल्टचा. 'सी' म्हणजे ट्रायोड. दोनदा 'सी' म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. 'एल' म्हणजे शेवटचा, जोर लावणारा व्हॉल्व्ह. आणि ८ म्हणजे नऊ पिनांचं बूड.

हे व्याकरण मला अप्पांनी शिकवलं. अप्पा म्हणजे माझे वडील. ते गिरणीत वायरमन होते. गिरणी बंद पडली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मग त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं. आधी टेप गेले, मग सीडी गेल्या, मग दुकानही गेलं. राहिला तो बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा, जुन्या रेडिओंतून काढलेल्या पार्टनी भरलेला. आईनं तो भंगारात द्यायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा अप्पा दारात उभे राहिले.

मार्च २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी पुण्यातली नोकरी घालवून घरी आले. मास कॉमची डिग्री, आठ महिन्यांचा अनुभव आणि शून्य पगार. पहिला महिना मी मोबाइलकडे बघत काढला. एक दिवस अप्पांनी तो पत्र्याचा डबा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "रिकामी बसू नको. हे लाव." त्या पावसाळ्यात आम्ही दोघांनी हा ॲम्प्लिफायर बांधला. ट्रान्सफॉर्मर मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतले. आमच्या दोघांत गप्पा मारायची पद्धत नाही. ते 'पक्कड' म्हणायचे, मी पक्कड द्यायचे. पण चार महिन्यांत इतकं बोलणं आधीच्या बावीस वर्षांत झालं नव्हतं.

आता अप्पांचा हात थरथरतो. सोल्डरिंग मी करते, ते शेजारी बसून बघतात. म्हणून तर मला वाटलं की आता आपल्याला सगळं येतं.

चार बदल, एक भुंगा

अप्पा शुक्रवारी आत्याकडे अक्कलकोटला गेले. ते सोमवारी परत येईपर्यंत त्यांना सरप्राइज द्यायचं, असा प्लॅन. पुण्याला पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आणलेले पार्ट महिनाभर ड्रॉवरमध्ये वाट बघत होते. मी काय काय केलं ते आरोपपत्रासारखं सांगते.

एक, पॉवर सप्लायचा मुख्य कॅपॅसिटर बदलला. ४७ मायक्रोफॅरडचा होता, तिथं २२०चा बसवला. मोठं म्हणजे चांगलं, हा आपल्या पिढीचा फंडा. मग रॅम असो, टीव्ही असो की पिझ्झा. नवा कॅपॅसिटर जाड असल्यानं जुन्या क्लिपमध्ये बसेना, तेव्हा मी तो जरा सरकवून इनपुटच्या सॉकेटशेजारी लावला. जुन्याच्या दोन पायांना एक जळकट रंगाचा रेझिस्टर आडवा जोडलेला होता. तो गाण्याच्या वाटेवर नव्हता, कुठंच जात नव्हता. 'हा इथं काय करतो?' असं म्हणून मी तो जुन्या कॅपॅसिटरबरोबर डबीत टाकला.

दोन, सिग्नलच्या वाटेवरचे जुने पिवळे कॅपॅसिटर काढून पॉलिप्रॉपिलीनचे नवे लावले. तीन, नवा परदेशी ईसीसी ८२ बसवला. चार, आणि याचा मला सर्वांत जास्त अभिमान होता, वायरिंग. अप्पांच्या वायरी वेणीसारख्या पिळलेल्या, कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवलेल्या. मी त्या सोडवून सरळ, काटकोनात, केबल टायनं बांधून टाकल्या. एखाद्या आयटी कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये शोभेल असं काम.

चार बदल, आणि बटण दाबलं ते एकदाच, शेवटी.

भुंगा ऐकू आल्यावर माझ्या मनात पहिला संशय कुणावर आला असेल? माझ्यावर? छे. माझं काम तर नवं होतं! मी संशय घेतला अप्पांच्या जुन्या जोडांवर. व्हॉल्व्हच्या सॉकेटवरचं त्यांचं सोल्डरिंग काळवंडलेलं होतं. मी ते एकेक करून वितळवलं आणि नव्यानं केलं. सात जोड. सगळे आतून पक्के निघाले. भुंगा तसाच.

मग डोकं थोडं थंड झालं आणि मी जरा शिस्तीत सुरुवात केली. पहिला प्रश्न : व्हॉल्यूम शून्यावर नेला की गुणगुण कमी होते का? नाही. म्हणजे ती नॉबच्या पुढं कुठंतरी शिरते आहे. फोन, त्याची वायर, गाण्याची फाइल, हे सगळे निर्दोष. दुसरा प्रश्न : व्हॉल्व्ह खराब आहे का? दोन्ही ईएल ८४ची डावी-उजवी अदलाबदल केली. दोष व्हॉल्व्हचा असेल तर तो त्याच्याबरोबर दुसऱ्या कानात जातो. इथं दोन्ही कानांत आवाज तसाच. जुना ईसीसी ८२ परत लावून पाहिला. तरी तेच. म्हणजे चोर एका कानाच्या घरातला नव्हता. दोन्ही घरांत ज्याचं येणं-जाणं आहे असा कुणीतरी.

एवढं सिद्ध करायला रात्रीचे अकरा वाजले. दरम्यान मी पाच-सहा वेळा बटण बंद करून आत हात घातला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा.

खालचा सा, वरचा सा

सोमवारी संध्याकाळी अप्पा आले. पाय धुतले, चहा घेतला आणि टेबलाकडे बघून म्हणाले, "काय करायलीस गं?"

मी सगळं सांगितलं. सरप्राइजचं काय झालं हे चेहऱ्यावरून कळलंच असेल. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले. अप्पा भजनी मंडळात पेटी वाजवतात. मिनिटभरानं म्हणाले, "हमिंग एक नाही. दोघं आहेत. एक खालच्या सा वर बसलाय, दुसरा वरच्या."

मी फोनवरचं फ्रीक्वेन्सी दाखवणारं ॲप उघडलं आणि हेडफोन माइकला लावला. पडद्यावर दोन उंच रेघा : एक ५० हर्ट्झला, एक १००ला. पुढं २००, ३००च्या छोट्या रेघा. ५०ची दुप्पट १००, म्हणजे बरोबर एक सप्तक. ॲपला जे दाखवायला पडदा लागला, ते अप्पांना कानांनी कळलं होतं.

आणि व्हॉल्व्हच्या कुठल्याही यंत्रात चोर पकडायची ही पहिली किल्ली आहे. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. ५०ची गुणगुण असेल तर ती सरळ त्या विजेची, म्हणजे हीटरच्या किंवा मेन्सच्या वायरीतून झिरपलेली. पण पॉवर सप्लायमधले डायोड हेलकाव्याची खालची बाजूही उलटवून वर आणतात, त्यामुळे डायोडनंतर मोजणी दुप्पट होते. म्हणजे १००ची गुणगुण असेल तर सप्लाय किंवा अर्थिंगकडे बघायचं. जिला नुसता 'आवाज येतोय' म्हणून आम्ही शिव्या घालतो, ती बिचारी स्वतःचा पत्ता सांगत असते.

मी लगेच सगळं उसकटायला निघाले. अप्पांनी हात धरला. "एका वेळी एकच. बदलायचं, ऐकायचं, लिहायचं. मग दुसरं."

आधी खालचा सा. हीटरच्या दोन वायरी मी सरळ केल्या होत्या, त्या त्यांनी मला पुन्हा पिळायला लावल्या. तीन व्हॉल्व्हचे हीटर मिळून १.८ अँपिअर करंट घेतात, आणि तो सतत दिशा बदलणारा. एका वायरीत करंट जातो तेव्हा दुसरीत तो परत येत असतो. दोघी घट्ट पिळलेल्या असल्या की एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरी पुसून टाकते. सरळ, वेगळ्या ठेवल्या की शेजारून जाणाऱ्या गाण्याच्या वायरीत ते क्षेत्र खुशाल शिरतं. ज्या वेण्या मला गबाळ्या वाटल्या, त्याच शांततेचं कारण होत्या. पिळ घातला, बटण दाबलं. खालचा सा गायब. ॲपवरची ५०ची रेघ जवळजवळ जमिनीला टेकली.

मला वाटलं जिंकलो. अप्पा म्हणाले, "एक सापडला म्हणून केस मिटत नसतीय."

तीस आकडे

आता वरच्या सा साठी पॉवर सप्लाय तपासायचा होता. अप्पांनी सांगितलं, तिन्ही व्हॉल्व्ह काढ, नुसता सप्लाय चालू कर आणि एच.टी. मोज. एच.टी. म्हणजे व्हॉल्व्हच्या पत्र्याला लागणारा मोठा व्होल्टेज. तो मोजला, ३०४ आला. ठीक होता. बटण बंद केलं, प्लग काढून टेबलावर ठेवला.

अप्पांची एक सवय आहे. मी लहान असल्यापासून बघते आहे. कुठलंही यंत्र बंद केलं की ते मनातल्या मनात तीस आकडे मोजतात. मग डावा हात पाठीमागं ठेवतात. मग मीटर लावतात. मग उजवा हात आत. ही सवय मला नेहमी जरा विनोदी वाटायची, देवळातून निघताना मागं न बघण्यासारखी.

त्या संध्याकाळी त्यांनी तीस मोजले, डावा हात मागं घेतला आणि मीटरच्या पिना कॅपॅसिटरला लावल्या.

२९६.

मला वाटलं मीटर बिघडला. अप्पा काही बोलले नाहीत. पिना तशाच धरून बसले. एक मिनिट, दोन मिनिटं. २८०. प्लग टेबलावर पडलेला, आणि डब्यात २८० व्होल्ट जिवंत. त्यांची थरथरणारी बोटं त्यापासून वीतभरही लांब नव्हती.

"आडवा रेझिस्टन्स कुठाय?"

मी डबी उघडून दाखवली. "तो कामाचा नव्हता, अप्पा. कुठंच जोडलेला नव्हता."

त्यांनी क्लिप लावलेला एक वेगळा रेझिस्टर आणला, कॅपॅसिटर त्यातून रिकामा केला, मीटर शून्यावर आल्याचं मला वाचायला लावलं आणि मग हेडफोन बाजूला ठेवून खुर्चीत टेकले.

तो आडवा रेझिस्टर काय करत होता ते सांगते. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी बघत वाढलेल्या सोलापूरकराला कॅपॅसिटर समजावून सांगायची गरज नाही. ती टाकी आहे. नळ आला की भरून ठेवायची, नळ गेला तरी घर चालू. पण नळ गेला म्हणून टाकी रिकामी होत नाही, आणि या टाकीत पाणी नाही, ३०० व्होल्ट आहेत. आडवा रेझिस्टर म्हणजे टाकीच्या तळाशी मुद्दाम ठेवलेली बारीक धार. यंत्र चालू असताना तिचं काही दिसत नाही, ऐकू येत नाही. यंत्र बंद केलं की ती टाकी उपसून ठेवते. अप्पांचा रेझिस्टर २२० किलोओहमचा आणि कॅपॅसिटर ४७चा. हिशोब केला तर अर्ध्या मिनिटात ३०० व्होल्टचे १६ उरतात. त्यांचे तीस आकडे अंधश्रद्धा नव्हती. ते गणित होतं.

मी काय केलं? टाकी जवळपास पाचपट केली आणि धार बुजवली.

मग रविवारी पाच-सहा वेळा हात घालून मी कशी वाचले? कारण तेव्हा व्हॉल्व्ह जागेवर होते. बटण बंद केलं तरी ते काही वेळ गरम असतात आणि गरम आहेत तोवर करंट ओढत राहतात. माझी टाकी तेच उपसत होते, माझ्या नकळत. सोमवारी व्हॉल्व्ह काढले आणि उपसणारं कुणी उरलं नाही.

अप्पांनी बऱ्याच वेळानं एक गोष्ट सांगितली. गिरणीत मोठ्या मोटारींसाठी कॅपॅसिटरची कपाटं असायची. त्यांच्या जोडीच्या एका वायरमननं मेन स्विच पाडला, दिवा विझलेला बघितला आणि सरळ हात घातला. माणूस वाचला, पण उजवा हात खांद्यापर्यंत भाजला. पुन्हा त्यानं स्क्रू ड्रायव्हर धरला नाही. अप्पा तेव्हा चोवीस वर्षांचे होते. डावा हात पाठीमागं ठेवायची सवय तिथली. करंटला एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जायला वाट मिळू नये म्हणून.

ही गोष्ट त्यांनी कधीच का सांगितली नाही, असं मी विचारलं. म्हणाले, "सांगायची काय गरज? रेझिस्टन्स होता की."

वरचा सा सापडला

बाकीची केस त्यानंतर अर्ध्या तासात सुटली. टाकी सेकंदाला शंभर वेळा भरते, आणि दर वेळी एका क्षणात, हिसक्यानं. टाकी मोठी केली की हिसकाही जोराचा. अप्पांनी या हिसक्याला परत जायला स्वतंत्र वाट दिली होती. कॅपॅसिटरचा निगेटिव्ह थेट ट्रान्सफॉर्मर आणि डायोडच्या बाजूला. मी जागा बदलताना तो इनपुटजवळच्या अर्थिंगला जोडला, कारण ते जवळ होतं. गाण्याचा सिग्नल स्वतःचं शून्य त्याच वायरीवरून मोजतो. वायर कितीही जाड असली तरी तिचा थोडा रेझिस्टन्स असतोच, त्यामुळे प्रत्येक हिसक्याला गाण्याचं शून्यच हलत होतं. सेकंदाला शंभर वेळा. वरचा सा.

कॅपॅसिटर परत डायोडशेजारी नेला, नवी क्लिप लावली. मला वाटलं अप्पा ४७चाच परत लावायला सांगणार. ते म्हणाले, "मोठी टाकी राहू दे की. फक्त धार तेवढी सोड." यावेळी आम्ही २२० किलोओहमचे दोन रेझिस्टर शेजारी शेजारी लावले. एक गेला तर दुसरा असावा. बंद केल्यावर मिनिटभरात ३०० व्होल्ट २५च्या आसपास उतरतात. व्हॉल्व्ह काढून, मीटर लावून मोजलं. तीनदा.

मग किशोरीताईंचा भूप लावला. सुरुवातीचा तानपुरा ऐकू आला, आणि तानपुऱ्याच्या मागं काहीच नाही. त्या 'काहीच नाही'साठी किती लोक काम करत असतात, हे मला त्या रात्री कळलं.

राहिलेले दोन बदल? खरं सांगू? पॉलिप्रॉपिलीनच्या कॅपॅसिटरनं आवाज सुधारला का, मला कळलं नाही. नवा परदेशी ईसीसी ८२ आणि बेंगळुरूचा जुना, दोन्ही आलटून पालटून लावले. अप्पा पाठ करून बसले आणि त्यांनी तीनदा ओळखायचा प्रयत्न केला. दोनदा चुकले. मी तीनदा. आता बेंगळुरूचाच आहे.

करून बघणार असाल तर

सुरुवात ३०० व्होल्टपासून करू नका. १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारी छोटी सर्किटं असतात, शिकायला ती बेस्ट. उघडण्याआधी फोटो काढा, मैत्रिणीला पाठवायला नाही, परत जोडायला. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर ऐका. व्हॉल्यूम शून्यावर नेऊन बघा, व्हॉल्व्ह अदलाबदल करून बघा, मग गुणगुण ५०ची की १००ची ते ठरवा. या तीन प्रश्नांत निम्मी केस सुटते. प्लग काढला म्हणजे वीज गेली असं समजू नका. मीटर शून्य म्हणेपर्यंत हात बाहेर. आणि घरात दुसरं कुणी असेल तेव्हाच हे उद्योग करा.

आता राहता राहिला आपल्या ऑफिसवाल्यांसाठीचा फंडा. नवीन मॅनेजर येतो, जुन्या एक्सेल शीटमधला एक कॉलम बघतो आणि 'हा कशाला?' म्हणून उडवतो. पहिल्या महिन्यात काहीच होत नाही. दुसऱ्यातही नाही. कारण टाकी अजून कुणीतरी गुपचूप उपसत असतं. मार्च एंडला तो माणूस रजेवर जातो आणि मग कळतं कॉलम कशासाठी होता ते. गुणगुणणारे दोष प्रामाणिक असतात. ते त्रास देतात म्हणून आपण त्यांना शोधतो आणि ते सापडतातही. भीती त्यांची नाही. भीती आहे ती आपण निरुपयोगी समजून डबीत टाकलेल्या त्या एका तुकड्याची, ज्याच्या जाण्याचा आवाजच होत नाही. तेव्हा काही काढण्याआधी, ज्यानं ते लावलं त्याला एकदा विचारा. तो अक्कलकोटला गेला असेल तर सोमवारपर्यंत थांबा.

आमच्या डब्याच्या झाकणाला आता आतून एक कागद चिकटवला आहे. तारीख, काय बदललं, का बदललं. सगळ्या नोंदी माझ्या अक्षरात आहेत. फक्त पहिली ओळ अप्पांनी लिहिली, थरथरत्या हातानं, पण ठळक :

'हा रेझिस्टन्स काढू नये.'